हुबेहूब कारखाना

सकाळी चहा गाळायला गाळणी सापडेना, तेव्हा बायकोने आधी स्वयंपाकघर पालथं घातलं आणि मग नवऱ्याच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. टेबलावर एक कारखाना उभा होता. त्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर, चारी बाजूंनी नीट कातरून बसवलेली, गाळणीची जाळी होती.

"अहो, ही माझी गाळणी."

"होती," नवरा भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "आता ती टाकीवरची जाळी आहे. नवी घेऊन ये. आणि चहाचा चोथा टाकू नकोस, आवारातल्या मातीसाठी लागणार आहे."

"चहाच नाही तर चोथा कुठला?"

नवऱ्याने भिंग आणखी जवळ नेलं.

नवरा साबणाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत. गोड बोलायचं असेल तर 'मिलिमीटरराव'. एका मिलिमीटरची चूक झाली तर त्यांना जेवण जात नसे, आणि ती दुसऱ्याची असली तर ते त्यालाही जेवू देत नसत. जन्मभर त्यांनी कागदावर सरळ रेषा मारल्या आणि जन्मभर कारखान्याने त्या वाकड्या करून दाखवल्या. त्यांनी दाखवलेला जिना प्रत्यक्षात भलत्याच भिंतीला लागला. त्यांची गटारं त्यांच्या बाणांच्या उलट दिशेने वाहिली. पुढे कॉम्प्युटर आला, त्यांचं ड्रॉइंगचं टेबल कँटीनमध्ये गेलं आणि त्यावर कांदा चिरला जाऊ लागला. कांद्याच्या फोडी समान नसतात, हे दुःख ते रोज दुपारी मुकाट्याने गिळत.

अशात कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत आली आणि मालकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"मिलिमीटर, लॉबीत ठेवायला आपल्या कारखान्याचं मॉडेल पाहिजे. शंभर फुटांचं एका फुटात बसवा. पण असं करा, की पाहुण्याला लॉबीत बसल्या बसल्या सगळा कारखाना दिसला पाहिजे. अगदी हुबेहूब."

मोठी माणसं 'हुबेहूब' म्हणतात तेव्हा त्यांना 'छान' म्हणायचं असतं, हे मिलिमीटरांना कोणी सांगितलं नव्हतं. ते टेप आणि कॅमेरा घेऊन कारखानाभर हिंडले. इतकी वर्षं ते कारखाना कागदावरच पाहत आले होते. आता त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. वाफेचा मोठा पाइप सांध्यातून फुसफुसत होता. बॉयलरच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. मागच्या आवारात भंगाराचा ढीग होता. तो तात्पुरता होता, आणि त्याच्या तात्पुरतेपणात दोन मॅनेजर निवृत्त झाले होते. ऑफिसच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. साबण तयार करणाऱ्या त्या वास्तूत साबणाचा हात फिरलेली एकही जागा नव्हती. दुसरा कोणी असता तर खचला असता. मिलिमीटर मात्र आनंदाने घरी आले. असं बारकाईचं काम त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

मग घर हळूहळू कारखान्यात जाऊ लागलं. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजत पडली आणि तिच्या पाण्याने पत्र्यांवर गंज चढला. पेन्सिलीचं शिसं किसून चिमणीवर काजळी धरली. केसांच्या पिना वाकवून जिने झाले. बायकोच्या बिनरंगी नेलपॉलिशची अख्खी बाटली भिंतींवरची ओल दाखवण्यात संपली.

"लोक कारखान्यातलं चोरून घरी आणतात," बायको म्हणाली. "तुम्ही घरातलं चोरून कारखान्यात नेता."

"चोरून कुठे? तुझ्या डोळ्यांदेखत नेतोय."

सगळं झाल्यावर मिलिमीटरांनी शेवटचा हात फिरवला. गोदामाच्या मागे, सोड्याच्या पोत्यांवर, त्यांनी मेणाचा एक माणूस झोपवला. निळा शर्ट, तोंडावर टोपी, डोकं मोहरीएवढं. असा माणूस तिथे रोज दुपारी असतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. कोण असतो ते टोपीमुळे दिसलं नव्हतं, म्हणून त्यांनी टोपीही हुबेहूब ठेवली.

पन्नाशीच्या समारंभाच्या आठवडाभर आधी मॉडेल लॉबीत आलं. मोठे साहेब आणि मॅनेजर ते पाहायला उभे राहिले. मोठ्या साहेबांना चष्मा लागत होता, पण तो लावला की वय दिसतं म्हणून ते लावत नसत. त्यांना चिमणी दिसली, चिमणीतून निघालेला कापसाचा धूर दिसला आणि आपल्या केबिनची खिडकी दिसली. त्यांचा ऊर भरून आला.

"वा. आणि भिंतीवर ही चमक कसली?"

"ओल आहे, साहेब. पाणी झिरपतं."

"काय बारकाई आहे," मोठे साहेब मॅनेजरांना म्हणाले. "अगदी खरं वाटतं."

"खरंच आहे, साहेब," मिलिमीटर म्हणाले.

मॅनेजरांची नजर शाबूत होती. त्यांना फुटका पाइप दिसला, भंगार दिसलं, तडा दिसला. पण तक्रार करायची तर काय करणार? चूक दाखवायला मॉडेलमध्ये चूक नव्हती. मोठ्या साहेबांनी मॉडेलखाली पितळी पाटी लावायला सांगितली: 'आमच्या कारखान्याची हुबेहूब प्रतिकृती.' मॅनेजरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकच विषय होता: पोत्यांवर झोपलेला तो कोण. जेवणाच्या सुट्टीत माणसं रांगेने लॉबीत येऊन वाकून पाहून गेली. संध्याकाळी स्टोअरकीपर मिलिमीटरांना एकट्यात गाठून म्हणाला, "मिलिमीटरराव, माझं काही नाही, पण निळा शर्ट माझ्याकडे एकट्याकडे आहे. लोक उगाच बोलतात."

मिलिमीटरांनी शर्ट राखाडी केला. सकाळी वॉचमन आला. त्याचंही काही नव्हतं. फक्त राखाडी कपडे कारखान्यात तोच घालत होता. मिलिमीटरांनी शर्ट तपकिरी केला. दुपारी खुद्द मॅनेजर आले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मिलिमीटरराव, कलेत मी ढवळाढवळ करत नाही. पण तपकिरीच का?"

"मग कुठला करू, साहेब?"

मॅनेजरांनी बराच विचार केला. कारखान्यात वापरात नसलेला एकही रंग त्यांना आठवला नाही. "त्यापेक्षा त्याला उठवाच," ते म्हणाले.

मिलिमीटरांनी चिमट्याने माणूस उचलला आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून गोदामामागे दुपारी झोपणं बंद झालं, असं नाही. पण झोपणारे आता शर्ट काढून झोपू लागले.

समारंभ थाटात पार पडला आणि त्यानंतर काही दिवसांनी कारखान्याच्या सुरक्षिततेची तपासणी करायला सरकारी निरीक्षक आले. ते दरवर्षी येत. बाहेर ऊन असे, त्यांचे गुडघे दुखत असत, आणि लॉबीत गार हवा व चहा असे. त्यामुळे सोफ्यावर बसून कारखाना समाधानकारक आहे असं लिहून ते परत जात. याबद्दल आजवर कोणाचीही तक्रार नव्हती. या वेळी मात्र सोफ्यासमोर मॉडेल होतं. चहा थंड होईपर्यंत काहीतरी पाहायचं म्हणून त्यांनी पाहिलं. मग कप खाली ठेवून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हा जिना कशाचा?"

"बॉयलरचा," मॅनेजर म्हणाले.

"दुसऱ्या बाजूचा कठडा कुठे आहे?"

"साहेब, हे मॉडेल आहे."

"खाली 'हुबेहूब' लिहिलंय."

मॅनेजरांनी पाटीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर मोठे साहेब खोटे पडत होते, हो म्हणावं तर कारखाना. निरीक्षकांनी मिलिमीटरांचं भिंग मागवून घेतलं आणि नोकरीत पहिल्यांदा एका कारखान्याची कसून तपासणी केली. सोफ्यावरून न उठता त्यांना गळका पाइप सापडला, तडा सापडला, भंगार सापडलं. त्यांना स्वतःलाच आपलं कौतुक वाटू लागलं. जाताना त्यांनी नोटीस दिली: महिन्याभरात दुरुस्त्या करा, मी पुन्हा येऊन पाहीन.

मोठ्या साहेबांनी मिलिमीटरांना उभं केलं. "कोणाला विचारून तुम्ही जिन्याचा कठडा काढलात?"

"मी काढला नाही, साहेब. तो लावलाच नव्हता."

"मग पाइप गळका कशाला दाखवलात?"

"तो गळतो, साहेब."

"गळतो म्हणून गळका दाखवायचा?" मोठ्या साहेबांनी मॅनेजरांकडे वळून विचारलं, "हे सगळं महिन्याभरात होईल?"

"कारखान्याचं होणार नाही, साहेब. पण मॉडेलचं दोन दिवसांत होईल. आणि निरीक्षक..." मॅनेजरांनी वाक्य अर्ध्यावर सोडून सोफ्याकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनीही पाहिलं. कारखान्याचे मोठे निर्णय असेच, फारसं न बोलता होत असत.

मिलिमीटरांनी जड मनाने काम सुरू केलं. गंज, ओल, काजळी पुसून काढली. कठडा लावला. पाइपचा गळका सांधा बुजवला आणि घरातल्या बाटलीत हिरवा रंग उरला होता म्हणून पाइप हिरवा केला. तडा मात्र काही केल्या लपेना. शेवटी त्यावर प्लॅस्टिकची एक छोटी खिडकी चिकटवली. भंगार इतक्या प्रामाणिकपणे चिकटवलेलं होतं की ते उपटलं तर सगळं आवार वर आलं असतं. मग त्यांनी दोरीचा तुकडा पिळून, त्याला भांड्यांचा स्पंज कुसकरून लावून एक डेरेदार झाड केलं आणि भंगारावर उभं केलं. झाड इतकं सुरेख झालं की त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी ते न जेवता टेबलापाशी बसून राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"खोटं ड्रॉइंग केलं. आयुष्यात पहिल्यांदा."

"इतकी वर्षं खरी केलीत, त्यांतलं एक तरी कोणी बघून बांधलं का?"

"नाही."

"मग हेही कोण बघून बांधणार आहे? जेवायला चला."

महिन्याने निरीक्षक आले, सोफ्यावर बसले, मॉडेल भिंगातून पाहिलं आणि खूष झाले. इतक्या तत्परतेने दुरुस्त्या करणारा कारखाना आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले, आणि पाहिला नाही हे खरंही होतं.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण मोठ्या साहेबांना जाहिरातीचं पत्रक काढायचं होतं. कारखान्याचे फोटो काढायला फोटोग्राफर आला. तो दुपारभर कारखान्यात फिरला, घाम पुसत लॉबीत परत आला आणि कोणाला काही न विचारता कॅमेरा मॉडेलसमोर लावला. फोटो अप्रतिम आला. निळं आकाश म्हणून त्याने मागे चादर धरली होती. पत्रकावर तोच छापला गेला आणि खाली 'आमचा कारखाना' अशी ओळ आली.

ते पत्रक मोठमोठ्या हॉटेलांसाठी खरेदी करणाऱ्या एका बाईंच्या हाती पडलं. त्यांना खोल्या-खोल्यांत ठेवायला छोट्या वड्या हव्या होत्या, आणि इतक्या हव्या होत्या, की मागणी मिळाली असती तर बंद पडलेली रात्रपाळी पुन्हा सुरू झाली असती आणि घरी बसवलेली माणसं कामावर परत आली असती. बाईंनी मोठ्या साहेबांना फोन केला.

"तुमचा कारखाना फोटोत पाहिला. आवारातलं ते झाड मला फार आवडलं. जे लोक कारखान्यात असं झाड जपतात, त्यांचा साबण चांगलाच असणार. पण मी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मागणी देत नाही. पुढच्या महिन्यात येते."

मोठ्या साहेबांनी फोन ठेवला. "आपल्या आवारात झाड आहे?"

"मॉडेलमध्ये आहे, साहेब," मॅनेजर म्हणाले.

तासाभरात सर्व खात्यांना फर्मान सुटलं: कारखाना मॉडेलप्रमाणे करायचा. कामावर देखरेख मिलिमीटरांची. बाई येईपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा.

मिलिमीटर घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्या चढत. "अगं, ऐकलंस का, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बांधकाम होणार आहे. एक मिलिमीटर इकडचा तिकडे करायचा नाही म्हणालेत."

"कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे? त्या खोट्या?"

"बांधून झालं की ते खरंच होईल ना," मिलिमीटर म्हणाले, आणि त्या रात्री पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून ते लॉबीत पट्टी घेऊन उभे राहिले. मॉडेलवर मापायचं, शंभराने गुणायचं आणि गवंड्याला सांगायचं. गवंडी हैराण झाला. ऑफिसच्या भिंतीपाशी येऊन त्याने विचारलं, "इथे खिडकी काढायची? हिच्या मागे काय आहे, ठाऊक आहे ना?"

मागे मोठ्या साहेबांचं खासगी बाथरूम होतं. प्रकरण वर गेलं.

"खिडकी फोटोत दिसते?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मधोमध दिसते, साहेब."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. "फोडा मग."

वाफेचा पाइप दुरुस्त झाला आणि हिरवा झाला. हिरवा म्हणजे कुठला हिरवा, यावर मिलिमीटरांनी रंगाऱ्याला इतक्या छटा करायला लावल्या, की शेवटी त्याने तीच घरातली बाटली मागून घेतली. पाइप गळायचा थांबताच कामगारांचं शिष्टमंडळ मॅनेजरांकडे आलं. इतकी वर्षं सगळ्यांचे जेवणाचे डबे त्या गळक्या सांध्यावर गरम होत होते.

"साहेब, पाइप होता तसा करून द्या. थंड जेवण घशाखाली उतरत नाही."

"तुम्हीच ना दर वर्षी पाइप दुरुस्त करा म्हणत होतात?"

"म्हणत होतो. पण तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं."

झाडाचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. मिलिमीटरांनी ते डोळ्यांना बरं दिसेल एवढं केलं होतं. शंभराने गुणल्यावर ते दुमजली घराएवढं निघालं. रोपवाटिकेच्या मालकाने माप ऐकून हात टेकले. "एवढं झाड आम्ही विकत नाही. एवढ्या झाडाखाली आम्ही बसतो." तरी शेवटी त्यानेच रस्तारुंदीत जाणारं एक झाड शोधून दिलं. ते मुळांसकट ट्रकवर आडवं घालून आणलं, क्रेनने उभं केलं, आणि भंगार होतं त्या जागी लावलं. भंगार कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही. एक फांदी मॉडेलपेक्षा डावीकडे जास्त गेली होती. मिलिमीटरांनी ती दोरीने ओढून बांधायला लावली.

तरीही त्यांचं समाधान होईना. मॉडेलमध्ये कामावरची मेणाची माणसंही होती, आणि ती कुठे उभी आहेत हे फोटोत दिसत होतं. त्यांनी जमिनीवर खडूने फुल्या मारल्या आणि प्रत्येकाला आपापली फुली नेमून दिली. हातगाडीवाला इथे, फावडं घेतलेला तिथे, दारात दोघं बोलत उभे.

"काय बोलायचं?" दारातल्या एकाने विचारलं.

"काही नाही. मॉडेलमध्ये बोलत नाहीत, नुसते उभे असतात."

बाईंच्या भेटीच्या दिवशी पाइपचा रंग उडू नये म्हणून बॉयलर बंद ठेवला. फोटोत धूर होता म्हणून चिमणीच्या बुडाशी ओली पोती पेटवली. गेटपासून बॉयलरपर्यंतची जमीन पाण्याने धुऊन काढली, आणि त्या कामी कारखान्याचा साबण कारखान्यात पहिल्यांदा वापरला गेला. धुऊन गेलेल्या फुल्या पुन्हा मारल्या आणि त्यांवर माणसं उभी राहिली. मिलिमीटरांनी लॉबीतून एकदा मॉडेल पाहिलं, दारात येऊन एकदा कारखाना पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठेही काहीही चुकलेलं नव्हतं.

बाई आल्या. त्यांनी झाड पाहिलं. जिना पाहिला, दोन्ही बाजूंचे कठडे पाहिले, हिरवा पाइप पाहिला. भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट स्वच्छ होतं. त्या जसजशा पुढे गेल्या तसतशा अधिकच बारकाईने पाहू लागल्या. बाथरूमच्या खिडकीपाशी त्या थोडा वेळ थांबल्या आणि पुढे गेल्या.

"ही माणसं हलत का नाहीत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"शिस्त," मोठे साहेब म्हणाले.

"त्या दोघांचं केव्हापासून बोलणं चाललंय, पण तोंडं हलत नाहीत."

"कामाच्या वेळेत बोललेलं आम्हाला चालत नाही."

बाईंनी पाइपला हात लावला. तो गार होता. त्यांनी हवा हुंगली. रंगाचा वास येत होता, साबण शिजल्याचा येत नव्हता. मग त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या आणि सौम्यपणे म्हणाल्या, "मला खरं सांगा. इथे साबण बनतो ना? का दुसरीकडून आणून तुम्ही नुसते छाप मारता?"

पन्नास वर्षांत मोठ्या साहेबांवर पुष्कळ आरोप झाले होते, पण कारखाना फार स्वच्छ आहे हा आरोप नवा होता. त्यांनी परोपरीने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. केव्हा येईन ते सांगणार नाही. त्या दिवशी कारखाना चालू दिसला तर बोलू."

गाडी गेटबाहेर गेल्यावरही माणसं फुल्यांवरून हलेनात. कोणी हला म्हणून सांगितलं नव्हतं.

मोठे साहेब केबिनमध्ये बसले. समोर मॅनेजर, त्यांच्या बाजूला मिलिमीटर. मोठ्या साहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि मिलिमीटरांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मिलिमीटर, तुम्हीच हे करू शकता. मॉडेलमध्ये तुम्ही गंज, ओल, काजळी अगदी जिवंत केली होती. आता कारखान्यावर करा. माणसं घ्या, रंग घ्या, काय लागेल ते घ्या. कारखाना वापरातला दिसला पाहिजे. जसा आधी होता तसाच."

एवढं काम कुठल्याच ड्राफ्ट्समनला मिळालं नसेल. सबंध कारखान्यावर गंज चढवायचा. व्हिनेगरचे पिंप, शिशाची पोती लागली असती. क्षणभर मिलिमीटरांच्या डोळ्यांत चमक आली, आणि मग ती विझली. कारण ते प्रामाणिक होते.

"साहेब," ते म्हणाले, "त्याला काही करावं लागणार नाही. बॉयलर चालू करा आणि कारखाना मॅनेजरसाहेबांच्या ताब्यात द्या."

मॅनेजर नम्रपणे खाली पाहू लागले.

"किती वेळ लागेल?" मोठ्या साहेबांनी त्यांना विचारलं.

"फार नाही, साहेब," मॅनेजर म्हणाले. "आपली माणसं कामाला पक्की आहेत."

बाई खरोखरच न सांगता आल्या. त्या दिवशी झाडाच्या फांदीची दोरी तुटून फांदी हवी तिकडे गेली होती आणि दारातच सोड्याचं एक फुटकं पोतं आडवं पडलं होतं. पांढरी भुकटी लांबवर पसरली होती आणि तिच्यातून हातगाडीच्या चाकांचे माग आत गेले होते. आतून कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने शिव्या देत होतं. बाईंनी पोतं ओलांडलं, चाकांच्या मागामागाने त्या आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा काठ पांढरा झाला होता व चेहरा खुलला होता. मागणीवर त्यांनी तिथेच, गरम पाइपपाशी उभं राहून सही केली.

मोठ्या साहेबांनी लगेच मॅनेजरांना बोलावून सांगितलं, की बाई अधूनमधून येत राहणार आहेत, तेव्हा दारातलं ते पोतं कोणीही उचलू नये. मॅनेजरांनी ही सूचना सर्व पाळ्यांना कळवली आणि ती तंतोतंत पाळली गेली. कारखान्याच्या पन्नास वर्षांत वरून आलेली एखादी सूचना कोणाच्या देखरेखीशिवाय तंतोतंत पाळली जाण्याची ती पहिलीच वेळ.